आवाज ऐकू येतो, धूर दिसत नाही



या ग्रुपवर आपण बहुतेक जुन्या आठवणी लिहितो. कोणी वाळपईच्या जुन्या बाजाराबद्दल लिहितं, कोणी शाळेतल्या मास्तरांबद्दल. मीही आज आठवणीनेच सुरुवात करतो, पण पुढे एक मत मांडणार आहे. घरात तरुण नातवंडं असलेल्यांना ते कदाचित टोचेल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

साल १९७५. बी.कॉम. होऊन बँकेत लागल्याला तीन वर्षं झाली होती आणि मी येझदी घेतली. सेकंडहँड, पण स्वतःच्या पगाराची. ज्यांनी येझदी चालवली त्यांना आठवत असेल, दोन्ही बाजूंना लांबलचक सायलेन्सर असायचे. मागच्या टोकाचा स्क्रू काढला की आतली भोकं पाडलेली नळी बाहेर यायची. मेकॅनिक तिला बॅफल म्हणायचे, आम्ही पोरं जाळी म्हणायचो. ती जाळी काढून टाकायची फॅशन होती. मीही काढली. 'तू होंड्याहून निघालास की आम्हाला वाळपईत कळतं,' असं मित्र म्हणायचे आणि माझी छाती फुगायची. गाडी जास्त पळायला लागली असंही वाटायचं. खरं तर पेट्रोल तेवढं जास्त प्यायला लागली होती.

शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले होते. रात्रभर खोकायचे, संध्याकाळी केव्हातरी डोळा लागायचा. मी डिचोलीहून घरी पोचायची वेळ नेमकी तीच. त्यांच्या घरून कोणी तक्रार केली नाही. बँकेतल्या माणसाशी वाकडं कोण घेणार? एक दिवस मी आलो तेव्हा बाबा सोप्यावर बसले होते. ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासून नाक्यावर इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलत घरी आणायची. तुझ्या मजेचे पैसे तू दे. त्यांच्या झोपेतून कशाला देतोस?"

नाक्यापासून घर पाव किलोमीटर, तेही चढाचं. येझदी किती जड असते ते ढकलणाऱ्यालाच ठाऊक. आठ दिवस ढकलली. नवव्या दिवशी जाळी परत बसवली.

ही झाली आठवण. आता आजचं.

नातू पुण्याला नोकरीला आहे. गेल्या चवथीला तो स्वतःची गाडी घेऊन आला. छोटीच, पण टर्बो पेट्रोल इंजिनाची. चोर्ला घाट उतरून, केरी, होंडा करत घरी. गाडी दारात येण्याआधीच आवाज आला, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, रक्तातच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माटोळीचं सामान बांधत होतो आणि त्याने अंगणात गाडी सुरू करून ठेवली. आमच्या हिला दम्याचा त्रास आहे. पाच मिनिटांत ती पदर नाकाला लावून आत गेली आणि म्हणाली, "गाडीला कसला तरी वास येतोय रे, डोळ्यांना झोंबतोय."

नातू म्हणाला, "आजी, इंजिन थंड असताना थोडा वास येतोच." हे खोटं नाही. पण दहा मिनिटांनी इंजिन तापलं तरी वास तसाच होता. मग मी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं. पोरगा प्रामाणिक आहे, लपवलं नाही. म्हणाला, "आजोबा, कॅट काढलाय. डाऊनपाईप बदललाय आणि रीमॅप केलंय. स्टेज टू."

मला यातलं काही कळलं नाही. चवथ संपल्यावर मी त्याच्याकडूनच समजून घेतलं, मग स्वतः वाचलं. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला जेवढं समजलं तेवढं सांगतो.

पेट्रोल गाडीच्या इंजिनातून निघणारा वायू थेट मागे जात नाही. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांचं तिथे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होतं. डबा साधारण ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून सुरुवातीला थोडा वास येतो. डब्याच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. मागचा सेन्सर बघत असतो की डबा काम करतोय की नाही. करत नसेल तर समोर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागतो.

डबा काढून मोकळा पाईप घातला की टर्बोला श्वास मोकळा मिळतो. गाडीच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदललं की ताकद वाढते. खरोखर वाढते, पोरांची ती कल्पना नव्हे. पण डबा नाही म्हटल्यावर मागचा सेन्सर बोंब मारणार. म्हणून त्याच प्रोग्रॅमिंगमध्ये त्या सेन्सरला गप्प बसवतात. दिवा लागत नाही. कोणाला काही कळत नाही.

इथे मात्र माझ्यातला बँकवाला जागा झाला. मी त्याला म्हटलं, "अरे, हे तर ऑडिटरचं तोंड बंद केल्यासारखं झालं!"

आवाजाबद्दल आपण सगळे बोलतो. फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटला शिव्या घालतो. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला, ते फोटो या ग्रुपवरही फिरले आणि खाली टाळ्यांचा पाऊस पडला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतच लिहिलेली आहे, तेव्हा कारवाई योग्यच. पण आवाज करणारा निदान उघडा तरी पडतो. माझ्या येझदीचा गुन्हा आख्ख्या वाड्याला ऐकू येत होता, म्हणून तर तो आठ दिवसांत मिटला. नातवाच्या गाडीचा मोठा गुन्हा आवाजात नव्हताच. तो ना दिसत होता, ना ऐकू येत होता. हिला दमा नसता तर मला आजही कळला नसता.

डिचोली-सत्तरीच्या माणसांना हा फरक वेगळा सांगायला नको. खाण चालू होती तेव्हा होंडा, साखळी, उसगावच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग असायची आणि झाडाची पानं लाल व्हायची. ती धूळ दिसायची, म्हणून लोक बोलले, रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, त्याची कारणं अनेक होती, पण निदान धूळ नाहीच असं कोणी म्हणू शकलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ज्याला दिसत नाही तो बोंब कशाची मारणार?

नातवाने लगेच पीयूसी काढून दाखवली. वैध, तारखेसकट. मी विचारलं, नळी घातली होती का सायलेन्सरमध्ये? तो हसला. कुठल्याशा ठिकाणी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला आणि पाच मिनिटांत स्लिप हातात दिली. ठिकाणाचं नाव मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. तशी ठिकाणं आपल्या सगळ्यांना माहीत असतात. आणि नळी घालून तपासलं तरी पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत.

बँकेत कॅश क्रेडिटच्या खात्यांना दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचं. नियम असा की अधिकाऱ्याने गोदामात जाऊन माल बघायचा आणि मग सही करायची. पावसाळ्यात कोण जाणार म्हणून टेबलावरच सही करणारे अधिकारी मी पाहिलेत. खातं बुडालं की कळायचं, पोती होती पण आत भुसा होता. नातवाची पीयूसी बघून मला ती पोती आठवली.

आणखी एक कबुली देतो. ३१ मार्चला आम्ही 'विंडो ड्रेसिंग' करायचो. मोठ्या गिऱ्हाइकांना फोन करायचा, "शेट, चार दिवसांसाठी ठेव ठेवा." वर्षअखेरचा आकडा फुगायचा, वरिष्ठ खूष व्हायचे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती ठेव परत जायची. ३१ मार्चची शाखा वेगळी आणि उरलेल्या वर्षाची वेगळी. मीही हे केलंय. तेव्हा त्यात काही वाटलं नाही, आज वाटतं.

हेच जगातल्या एका सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीने केलं. फोक्सवॅगनची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल, पण तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिझेल गाडीची सरकारी चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. चाकं फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही. कंपनीने गाडीच्या संगणकात असा प्रोग्रॅम टाकला की चाचणी चाललीय हे गाडीने स्वतःच ओळखावं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागावं. रस्त्यावर आली की पुन्हा मोकाट. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या चमूने मोजणीची यंत्रं गाडीच्या डिकीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे जुळेनात. एक गाडी मर्यादेच्या १५ ते ३५ पट सोडत होती. त्या चमूत भारतीय इंजिनिअरही होते. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी सरकारने नोटीस काढली आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. कंपनीला ३० अब्ज युरोंहून जास्त भुर्दंड पडला.

आपल्याकडेही हे आलं. पुण्यातल्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली. रस्त्यावरचं उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. भारतातल्या नियमाचा भंग झालेला नाही, कारण नियम प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

ही गोष्ट मी नातवाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "बघा ना आजोबा, एवढी मोठी कंपनी करते आणि तुम्ही मला बोलता." मी म्हटलं, "त्या कंपनीच्या साहेबांना लबाड कोण म्हणालं? तू आणि तुझे मित्रच. त्यांनी प्रोग्रॅम टाकला, तूही टाकलास. त्यांनी चाचणीला फसवलं, तू सेन्सरला फसवलंस. फरक फक्त गाड्यांच्या संख्येचा आहे."

त्याचे बाकीचे मुद्देही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याने एकतर्फी लिहिलं.

एक, "घाटात ट्रक आणि जुन्या बस काळा धूर ओकत जातात, त्यांना कोणी विचारत नाही." मान्य. त्यांनाही विचारलं पाहिजे. पण दुसऱ्याचं खातं थकलंय म्हणून मी माझा हप्ता भरणार नाही, असं म्हणणाऱ्या कर्जदाराला मी कधी सूट दिली नाही. आणि ट्रकवाला पोटासाठी फिरतो, हा रविवारच्या मजेसाठी.

दोन, "माझ्या एका गाडीने काय होणार?" एका गाडीने आजीला आत जावं लागलं. दुसरा हिशेब मला मांडता येत नाही.

तीन, "कंपन्या मुद्दाम ताकद कमी ठेवतात." अंशतः खरं. पण ताकद, मायलेज, इंजिनाचं आयुष्य आणि धूर या चौघांचा मेळ घालून तो आकडा ठरतो. बीएस-६ मध्ये पेट्रोल गाडीने किलोमीटरमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड आणि ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडायचं नाही. एवढ्या बारीक हिशेबातून ती गाडी बाहेर येते आणि गॅरेजमधला मुलगा लॅपटॉप लावून तासाभरात तो विसकटतो.

चार, "हौस कुठे भागवायची मग?" हा प्रश्न मला खरा वाटतो. वेगाची हौस वाईट नाही, मलाही होती. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाला २०११ पासून बुद्ध सर्किट आहे. आपल्या बाजूला तसं काही नाही, हे मान्य. पण म्हणून चोर्ला घाट हा ट्रॅक होत नाही. तिथे लोक राहतात, गुरं रस्त्यावर येतात, बाजूला म्हादईचं अभयारण्य आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण पुष्कळ पालकांना हे माहीत नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषण आणि आवाजाचे नियम मोडल्याबद्दल कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. शिवाय गाडीवर कर्ज असेल तर ती बँकेकडे हायपोथिकेट केलेली असते. म्हणजे ज्या गाडीचे पार्ट तुम्ही काढताय, ती पूर्ण तुमची नसते. आणि विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर क्लेमच्या वेळी तोंड बघण्यासारखं होतं. असे चेहरे मी टेबलासमोर पाहिलेत.

एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगतो. देशात गाड्यांच्या धुराचे नियम पायरी-पायरीने कडक कसे करायचे, याची वाट आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या माशेलात जन्मलेले. २००१ मध्ये समिती नेमली, २००२ मध्ये अहवाल आला. बीएस-२, बीएस-३ हे टप्पे देशभर कधी आणि कसे आणायचे याचा आराखडा त्यात होता. त्या वाटेने पुढे जात १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आणलं, त्यासाठी रिफायनऱ्या बदलाव्या लागल्या. तो खर्च आपण सगळ्यांनी पेट्रोल पंपावर आणि शोरूममध्ये भरला, अजून भरतोय. आणि पैसे मोजून घेतलेला तो डबा आमची पोरं वर आणखी पैसे मोजून काढून टाकतात! हा व्यवहार मला कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

पण मंडळी, खरा राग मला पोरांचा नाही, आपला आहे. गाडीचं डाऊनपेमेंट कोण देतं? आपणच. 'आमच्या बाबूच्या गाडीचा आवाज ऐकलात का?' असं लग्नाच्या मांडवात कौतुक कोण करतं? आपणच. नळी न घालता दिलेली पीयूसी आपणही कधी ना कधी घेतलीय, मीसुद्धा. पोरं आपलीच सवय पुढे चालवतायत, फक्त त्यांच्याकडे लॅपटॉप आहे.

म्हणून तीन साध्या गोष्टी मागतो. पैसे देताना विचारा की ते कशावर जाणार. पुढची पीयूसी काढताना समोर उभे राहून नळी घालायला लावा, गर्दी असली तरी. आणि नातवंडांना शिव्या घालण्याऐवजी एकदा बॉनेट उघडून त्यांच्याकडूनच समजून घ्या. आपण विचारलं की त्यांना आनंद होतो आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळत जातं.

आमच्या घरात काय झालं ते सांगून थांबतो. काढलेला कन्व्हर्टर नातवाने सुदैवाने भंगारात विकला नव्हता. आतल्या धातूंमुळे त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. पुढच्या खेपेला तो घेऊन आला आणि आता आमच्या कोठीच्या खोलीत, गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. मी म्हणतो, माझ्याकडे तारण आहे. परत बसवायला आणि प्रोग्रॅमिंग पूर्ववत करायला पैसे लागणार आहेत, ते मी देणार नाही, हे स्पष्ट सांगितलंय. त्याने 'बसवतो' म्हटलंय. तारीख अजून दिलेली नाही.

तोपर्यंत आमच्या अंगणात गाडी आणायची नाही, नाक्यावर ठेवायची आणि चालत घरी यायचं, एवढी अट मी घातली. वाटलं, भांडेल. भांडला नाही. मागच्या शनिवारी रात्री साडेनऊला पाठीला बॅग लावून चढ चढत आला. ही दारात उभी होती. म्हणाली, "दमलास का रे?"

तुमच्या घरी असं काही झालं असेल तर खाली लिहा. माझं पटलं नसेल तर हक्काने भांडा, मी उत्तर देईन.

— एक निवृत्त बँकवाला, वाळपई, सत्तरी